डिझेलचं नंतर बघू, आधी भाड्याचं बोला

कळंबोलीला स्टील मार्केटच्या बाहेर आमची नेहमीची चहाची टपरी आहे, तिथे एक टीव्ही टांगलाय आणि डिझेलचा विषय निघाला की रात्री त्यावर ठरलेली मारामारी लागते. एक पक्ष म्हणतो सरकार लुटतंय, कर कमी करा. दुसरा म्हणतो जगात युद्धं चाललीत, देशासाठी थोडं सोसा, आणि रस्ते काय फुकट होतात का. मग कुणीतरी एक्सपर्ट असतात ते ट्रकवाल्यांना सल्ला देतात की टायरमध्ये हवा नीट ठेवा, साठच्या वर पळवू नका. हे ऐकून टपरीवर जे काय हसू फुटतं ते लिहिण्यासारखं नाही. माझ्या स्वतःच्या तीन गाड्या आहेत, दोन दहा टायर आणि एक आयशर, वडिलांपासूनचा धंदा, आणि मला या दोन्ही पक्षांचं सारखंच हसू येतं. कारण डिझेल महाग आहे हे खरं पण आमचं मरण त्यात नाहीये. मरण यात आहे की डिझेल वर जातं तेव्हा भाडं वर जात नाही, आणि डिझेल खाली येतं तेव्हा भाडं आधी खाली येतं. म्हणून माझं सरळ म्हणणं आहे की ‘डिझेल स्वस्त करा’ ही मागणी ट्रकवाल्यांनी आता जरा बाजूला ठेवावी आणि एकच गोष्ट मागावी, डिझेलच्या भावाला भाडं कायद्याने बांधा.

कसं ते हिशेबाने सांगतो, 2021 चं माझं रजिस्टर अजून घरात आहे. जानेवारीत मुंबईत डिझेल 80-81 रुपये होतं. ऑक्टोबरच्या 9 तारखेला त्याने शंभरी ओलांडली. कळंबोली ते नागपूर 820 किलोमीटर धरा, दहा टायर गाडी भरून लिटरला चार किलोमीटरचा ॲव्हरेज देते, म्हणजे 205 लिटर. एक रुपया वाढला की एका बाजूचे 205 रुपये गेले, वीस रुपये वाढले की 4100. या नऊ महिन्यांत मला भाडं किती वाढवून मिळालं? टनामागे शंभर रुपये, तेही चार महिने माल देणाऱ्या शेठच्या ऑफिसात चपला झिजवून. अठरा टनाला 1800. बाकीचे 2300 प्रत्येक ट्रिपला माझ्या खिशातून. मग दिवाळी आली, केंद्राने अबकारी दहा रुपये कमी केली, त्यावरचा व्हॅट धरून मुंबईत डिझेल बारा रुपयांच्या आसपास उतरलं. टीव्हीवर पेढे. आणि चौथ्या दिवशी शेठचा फोन, ‘‘डिझेल उतरलं की रे, आता टनाला शंभर कमी कर.’’ केलं, काय करणार. म्हणजे बघा, भाडं जानेवारीच्या जागेवर परत आलं आणि डिझेल जानेवारीपेक्षा तेरा रुपये वर. आता मला सांगा, करकपातीचा फायदा कुणाला झाला?

असं का होतं हे टीव्हीवर कुणी विचारत नाही. कॉलेजात शिकवतात की परवडत नसेल तर माणूस धंद्यातून बाहेर पडतो, मग पुरवठा कमी होतो आणि भाव चढतो. ट्रकचं तसं नाही. गाडी उभी ठेवली तरी फायनान्सचा हप्ता चालू, इन्शुरन्स चालू, ड्रायव्हरचा पगार चालू. त्यामुळे भाड्यात डिझेल, टोल आणि भत्ता निघून हातात दोन हजार जरी राहत असले तरी मी गाडी भरतो, कारण ते दोन हजार हप्त्याला लागतात. टायर घासतायत, इंजिन झिजतंय, त्याचा हिशेब मी करत नाही, करायची हिंमत होत नाही. आणि माझ्यासारखेच सगळे. या देशात बहुतेक ट्रक पाच किंवा त्याहून कमी गाड्या असलेल्या मालकांचे आहेत, कुणीच मोठा नाही, त्यामुळे कुणीच नाही म्हणू शकत नाही. त्यात जुलै 2018 मध्ये सरकारने ॲक्सल लोड वाढवून दिला, दहा टायर गाडीचं पासिंग, म्हणजे गाडीसकट चालणारं वजन, 25 टनांवरून साडेअठ्ठावीस झालं. आम्ही खूश, आता जास्त माल नेऊ. पण एका रात्रीत देशातल्या सगळ्याच गाड्यांची ताकद वाढली आणि माल तेवढाच राहिला, मग भाडं पडणार नाही तर काय.

आणि ते हवा नीट ठेवा, हळू चालवा. अहो ते आम्ही करतोच. गुजरात लाईनला गाडी असेल तर टाकी हद्दीपलीकडे भिलाडला फुल करायची हे आमच्याकडे क्लीनरलाही कळतं, कारण हद्द ओलांडली की भाव बदलतो. नव्या बीएस सिक्स गाडीत वरून धूर साफ करणारं ॲडब्लू टाकावं लागतं तो खर्च वेगळा. टायर रिमोल्ड करून वापरतो, रिटर्न भाडं मिळत नाही तोवर गाडी दोन-दोन दिवस उभी ठेवतो, ड्रायव्हर मामा इतके जुने आहेत की घाटात गाडी कुठल्या गिअरला टाकली की किती डिझेल पितं हे ते आवाजावरून सांगतात. या सगळ्यातून चारचा ॲव्हरेज सव्वाचार होतो. बास. त्याच्यापुढे काटकसर म्हणजे भत्ता कापणं नाहीतर ओव्हरलोड करणं, आणि या दोन्हीतून काय होतं ते एक्सप्रेसवेच्या घाटात दिसतं.

आता समोरच्यांचं जे खरं आहे ते मान्य करतो. कराचा मुद्दा खोटा अजिबात नाही. 2014 ला डिझेलवर केंद्राची अबकारी लिटरमागे साडेतीन रुपयांच्या आसपास होती. मे 2020 मध्ये ती 31 रुपये 83 पैसे झाली, आणि कधी झाली तर जगात तेल पाण्याच्या भावात गेलं होतं तेव्हा, एप्रिलमध्ये अमेरिकेत तर क्रूडचा वायदा शून्याच्याही खाली गेलेला. ते स्वस्त तेल आमच्यापर्यंत आलंच नाही, मधेच तेरा रुपये एका फटक्यात कराने खाल्ले. पुढे त्यातला बराच भाग सेस म्हणून घेतला, सेसमध्ये राज्यांना वाटा नाही, आणि राज्याचा व्हॅट टक्क्यात, म्हणजे मूळ भाव चढला की तोही आपोआप चढतो. नोव्हेंबर 2021 आणि मे 2022 मध्ये केंद्राने कमी केला, जुलै 2022 मध्ये राज्याने तीन रुपये कमी केले, 2024 च्या बजेटात मुंबई-ठाणे-नवी मुंबईचा डिझेलवरचा व्हॅट 24 वरून 21 टक्क्यांवर आणला. या प्रत्येक वेळी मी रजिस्टर बघितलंय. फायदा माझ्याकडे जास्तीत जास्त तीन आठवडे टिकतो, मग भाडं तेवढंच सरकतं. म्हणजे कर कमी करू नका असं मी म्हणत नाही, करा की. फक्त तो ट्रकवाल्यासाठी केला असं सांगू नका.

दुसरा मुद्दा जीएसटीचा, आमच्या संघटनांचा सगळ्यात लाडका. डिझेल जीएसटीत आणा म्हणजे देशभर एक भाव आणि इनपुट क्रेडिट, म्हणजे डिझेलवर भरलेला कर आपल्या पुढच्या करातून वजा. जुलै 2018 च्या देशव्यापी संपातही डिझेलच्या भावाचा आणि जीएसटीचा मुद्दा होताच. तत्त्वाने बरोबर आहे. पण राज्यांच्या हातात स्वतःचे म्हणावेत असे कर राहिलेत किती? सप्टेंबर 2021 मध्ये लखनौला जीएसटी कौन्सिलमध्ये विषय निघाला आणि आत्ता वेळ नाही म्हणून गुंडाळला. आणि समजा आलंच उद्या, तर क्रेडिट घेणार कोण? माझ्यासारखा तीन गाड्यांचा मालक गाडी ट्रान्सपोर्टवाल्याला लावतो, माझं जीएसटी रजिस्ट्रेशनच नाही, मला क्रेडिट कसलं. शंभर गाड्यांची कंपनी क्रेडिट घेईल आणि त्या जोरावर माझ्यापेक्षा खाली रेट टाकेल. आपल्याच मोर्चात आपण कुणासाठी घोषणा देतोय ते एकदा बघायला पाहिजे.

डिझेलवरून गोंधळ घालणं आपल्याकडे काही नवीन नाही. नोव्हेंबर 1973 मध्ये इंधनाचे भाव भडकले तेव्हा वाजपेयी बैलगाडीतून संसदेत गेले होते. फोटो छान आला, पन्नास वर्षं झाली, तेव्हापासून प्रत्येक विरोधी पक्ष बैलगाडी काढतो आणि सत्तेत आला की बैल सोडून देतो. मला त्यापेक्षा दुसरी आठवण महत्त्वाची वाटते. 1980 मध्ये नाशिकला कांदा आणि उसासाठी शरद जोशींनी मुंबई-आग्रा रोड बंद पाडला होता. आमचे अण्णा तेव्हा गाडी घेऊन त्यात अडकले होते, दोन दिवस पिंपळगावच्या अलीकडे, शेतकऱ्यांनीच भाकरी दिली असं सांगायचे आणि वर शिव्याही घालायचे. पण जोशींचं म्हणणं नीट ऐका. त्यांच्या आधी सगळे पुढारी शेतकऱ्याला खत स्वस्त द्या, वीज माफ करा असंच मागायचे. जोशी म्हणाले आम्हाला सूट नको, उत्पादन खर्चावर आधारित भाव द्या, बाकीचं आमचं आम्ही बघू. ‘भीक नको, हवे घामाचे दाम.’ म्हणजे खर्चाच्या बाजूचं भांडण त्यांनी उचलून उत्पन्नाच्या बाजूला नेलं. ट्रकवाला अजून जोशींच्या आधीच्या काळात बसलाय. आम्ही अजून खत स्वस्त करा म्हणतोय.

आणि हे काही आकाशातून आणायचं नाहीये, आपल्याच मुंबईत समोर उभं आहे. रिक्षा-टॅक्सीचं भाडं कसं ठरतं? त्याला फॉर्म्युला आहे. आधी हकीम समितीचा होता, नंतर खटुआ समितीचा आला, त्यात इंधन, गाडीची किंमत, मेंटेनन्स, राहणीमान सगळं धरतात आणि ठरावीक काळाने मीटर बदलतो. फेब्रुवारी 2025 मध्ये रिक्षा 26 आणि टॅक्सी 31 झाली ती त्यातूनच. पब्लिक कुरकुरतं, उशीर होतो, पण होतं. मग ट्रकचं काय घोडं मारलंय? बरं, कायदा नाही म्हणावं तर मोटार वाहन कायदा 1988, कलम 67 वाचा, राज्य सरकारला भाडं ठरवण्याबद्दल निर्देश द्यायचा अधिकार आहे आणि त्यात प्रवासी गाड्यांबरोबर मालवाहू गाड्याही स्पष्ट लिहिल्यात, कमीत कमी आणि जास्तीत जास्त दोन्ही. टॅक्सीवाल्याने तो अधिकार वापरायला लावला. आम्ही सदतीस-अडतीस वर्षं त्या कलमावरून गाडी नेतोय आणि बोर्ड वाचत नाही.

इथे सगळ्यात वजनदार आक्षेप येतो, बाजाराचा. सरकारने रेट ठरवला की युनियनबाजी येते, मालवाला हैराण होतो, आणि जिथे माल जास्त तिथून कारखानाच निघून जातो. हा आक्षेप मी उडवून लावणार नाही. हिमाचलमध्ये बरमाणा आणि दाडलाघाटला सिमेंट प्लांट आणि ट्रक युनियन यांच्यात भाड्यावरून एवढं ताणलं गेलं की डिसेंबर 2022 पासून प्लांट 67 दिवस बंद होते आणि शेवटी रेट खालीच आले. हप्ते मात्र तेवढे दिवस ट्रकवाल्यांनी घरातून भरले. आणि मालकांनी आपापसात बसून रेट फिक्स करायचा तर स्पर्धा कायदा आडवा येतो, तेही रास्त आहे. पण मी रेट ठरवा म्हणतच नाहीये. रेट बाजारात ठरू दे, शेठ आणि मी भांडून ठरवू, टनाला जे काय असेल ते. मी एवढंच म्हणतोय की तो रेट ठरला त्या दिवशीचा डिझेलचा भाव बिल्टीवर, म्हणजे मालाच्या पावतीवर लिहा, आणि पुढे भाव जेवढा हलेल तेवढंच भाडं हलेल, वर पण आणि खाली पण. यात सरकारने ठरवायचं काय आहे? फक्त हे कलम करारातून काढता येणार नाही एवढं.

हे बाहेर लोकांनी करून झालंय. 1973-74 च्या तेलटंचाईत अमेरिकेत स्वतःची गाडी चालवणाऱ्या ट्रकवाल्यांनी हायवे अडवले, फेब्रुवारी 1974 मध्ये संप केला, आणि तो मिटला तो भाड्यावर 6 टक्के इंधन अधिभार लावायची सोय झाल्यावर. आजही तिथे सरकारी खातं दर आठवड्याला डिझेलचा भाव जाहीर करतं आणि करारातला अधिभार त्यावर सरकतो. फ्रान्सने 2006 मध्ये कायद्याने डिझेलचा फरक भाड्यात धरायला लावला. स्पेनचं तर अगदी अलीकडचं, मार्च 2022 मध्ये सरकारने करारात इंधनाप्रमाणे भाडं बदलणं सक्तीचं केलं, त्याच महिन्यात ट्रकवाल्यांचा मोठा संप झाला आणि लिटरला 20 सेंट सवलतही मिळाली. ती सवलत ठरावीक मुदतीची होती. करारातलं कलम तसं तारीख टाकून आलेलं नव्हतं. आपल्याकडेही हे अगदीच नाही असं नाही हां, मोठ्या कंपन्या मोठ्या ट्रान्सपोर्टरशी करार करतात त्यात डिझेलचं कलम असतंच. म्हणजे कंपनी ट्रान्सपोर्टरला फरक देते. ट्रान्सपोर्टर तो ब्रोकरला देतो का माहीत नाही, ब्रोकर मला देत नाही एवढं नक्की.

मग महागाईवाले येतात. भाडं आपोआप वाढलं तर भाजी महागेल, गरिबाने काय खायचं. ऐकायला फार बरं वाटतं. माझी आयशर पिंपळगावहून टोमॅटो घेऊन वाशी मार्केटला येते, दोनशे किलोमीटर, सहाचा ॲव्हरेज, 33 लिटर. डिझेल दहा रुपयांनी वाढलं, जे एका रात्रीत कधी होत नाही, तर 330 रुपये. गाडीत सात टन माल. किलोला पडले पाच पैसे. परत रिकामी गेली तरी दहा पैसे. वाशीतून तोच टोमॅटो दादरला जाईपर्यंत किलोमागे किती रुपये चढतात ते दादरला जाऊन बघा, आणि मग सांगा गरिबाच्या ताटातलं ओझं कुणी उचलायचं, तीनशे तीस रुपये सोसणाऱ्याने का? लांबच्या ट्रिपला आकडा मोठा होतो, सिमेंट-वाळूसारख्या स्वस्त मालाला तो जास्त लागतो, ते खरं. पण तो खर्च आत्ताही कुणीतरी भरतोच ना. फक्त तो कुठल्या बिलात दिसत नाही म्हणून महागाईत मोजला जात नाही, ओव्हरलोडमध्ये दिसतो, सोळा-सोळा तास गाडी मारणाऱ्या ड्रायव्हरमध्ये दिसतो.

ज्या आक्षेपाला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही तो अंमलबजावणीचा. कागदावर फरक देतील आणि मागच्या दाराने परत घेतील, किमान वेतनाचं झालं तेच. वाराईचं, म्हणजे हमालीचं बघा. माल भरणं-उतरवणं ज्याचा माल त्याने करायचं, ‘ज्याचा माल त्याचा हमाल’ अशा पाट्या आमच्या गाड्यांच्या मागे रंगवून वर्षं झाली, तरी भिवंडीच्या गोडाऊनला आजही वाराईचे पैसे ड्रायव्हरच मोजतो. त्यामुळे कायदा झाला म्हणजे झालं असं मी समजत नाही. पण एक फरक आहे. वाराई रोखीत जाते, तिचा कागद नसतो. डिझेलचा भाव जून 2017 पासून रोज जाहीर होतो, कुठलाही शेठ तो नाकारू शकत नाही. मालासोबतच्या सरकारी ई-वे बिलावर गाडीचा नंबर, तारीख आणि अंतर छापलेलं असतं. अंतर भागिले ॲव्हरेज गुणिले भावातला फरक, पाचवीतलं गणित. जे मागायचं ते कागदावर सिद्ध करता येतं अशा फार थोड्या गोष्टी या धंद्यात आहेत, त्यातली ही एक. आणि उधारीचा प्रश्न सुटत नाही ते वेगळंच. पंपावर रोख द्यायचे आणि भाड्याचा बॅलन्स पोच पावती जमा करून दोन महिन्यांनी, त्यावर कधीतरी स्वतंत्र लिहीन, डोकं फिरतं.

संप करू असं दर वेळी कुणीतरी म्हणतंच. 2018 चा संप आठ दिवस चालला, आश्वासन घेऊन मिटला, डिझेल आजही जीएसटीच्या बाहेर आहे. मुंबईत राहून संपाबद्दल बोलताना 18 जानेवारी 1982 विसरता येत नाही, आमच्या लालबागच्या नातेवाइकांच्या घरात ती तारीख अजून हळू आवाजात घेतात. गिरणी कामगारांची मागणी चुकीची नव्हती, पण कापड पडून होतं, मालकांना घाई नव्हती. आज गाड्या जास्त आणि माल कमी असताना आम्ही चाकं थांबवली तर पहिले चार दिवस कुणाला कळणार पण नाही, हप्ता मात्र पाच तारखेला कापला जाईल. आणि चाकं थांबवून मागायचं ते काय, तर जे मिळालं तरी तीन आठवड्यांत शेठकडे जाणार आहे ते?

म्हणून मी सध्या आपलं आपल्यापुरतं सुरू केलंय. मला माल देणाऱ्या अकरा पार्ट्या आहेत, सगळ्यांना बिल्टीवर एक ओळ लिहून द्यायला सांगितली, ‘आजचा डिझेल भाव इतका, एक रुपया फरकाला नागपूर ट्रिप मागे 205 रुपये.’ नऊ जणांनी हसून घालवलं. एकाने सांगितलं की दुसरी गाडी बघतो. अकराव्याने, बर्फीसारखा मऊ बोलणारा माणूस, कागद उलटा-सुलटा करून बघितला आणि विचारलं, ‘‘आणि भाव उतरला तर?’’ म्हटलं तर 205 तुम्ही कापा, मला फोन पण करू नका. त्याने परत वाचलं. यात काहीतरी चाल असणार असं त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं, मुनीमजीला बोलावलं, त्यांनी कॅल्क्युलेटरवर दोनदा केलं, 820 भागिले चार. मग म्हणाला, ‘‘चारचा नाही रे, सव्वाचारचा धर.’’ 193 वर सही झाली.